बटणच्या पाठीवरचे उंचवटे

आत्या, बटणची पाठ मी बिघडवली. तू नाही. हे एवढं वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली आणि तुझं जाणं लागलं. म्हणून ते सुरुवातीलाच लिहून टाकतो. पुढे कुठेतरी गोड बोलून ते टाळायची सोय मला ठेवायची नाही.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. तू कुठे जन्मलीस, नर्सिंगला इथे इंग्लंडमध्ये कधी आलीस, किती वॉर्ड सांभाळलेस, हे सगळं मराठी मंडळाच्या पत्रकात छापून आलं आहे. वर तुझा तो शालीतला फोटो आहे, जो तुला अजिबात आवडत नव्हता. खाली लिहिलंय की तुझ्या आत्म्याला शांती लाभो. मी तसं म्हणणार नाही. तू शांत कधी होतीस? रांगेत कोणी मधे घुसलं की तू बोलायचीस, कौन्सिलला पत्रं लिहायचीस, डॉक्टरांना त्यांचं हस्ताक्षर परत वाचून दाखवायला लावायचीस. तुला तिकडे कोणी शांत बसवलं असेल, तर त्या बसवणाऱ्याशी माझं भांडण आहे.

क्रिमेटोरियमच्या पार्किंगमध्ये दोन बायका म्हणत होत्या, "एकट्या होत्या बिचाऱ्या, म्हणून कासवात जीव रमवला." मी त्यांना तिथेच थांबवलं. म्हटलं, "बिचाऱ्या नव्हत्या. आणि ते कासव त्यांनी माझ्यामुळे सांभाळलं." पुढचं सांगायला हवं होतं. पण पाऊस आला, छत्र्या उघडल्या आणि मी गप्प बसलो. गप्प बसायची मला सवयच लागली होती.

बटण आमच्या घरी आला तो दिवस तुला आठवत असेल. माझ्या लेकीचा, ईशाचा नववा वाढदिवस. तू बुटाच्या खोक्यात टॉवेल घालून त्याला आणलं होतंस. तुझ्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या कासविणीने अंडी घातली होती, त्यातलं हे एक पिल्लू. अक्रोडाएवढं. ईशा म्हणाली, "हा तर कोटाचा बटण आहे!" आणि नाव तिथेच ठरलं. तू त्याला सरळ बटणराव म्हणायला लागलीस.

मग तू मला स्वयंपाकघरात नेलंस आणि फ्रिजवर एक कागद चिकटवलास. नर्सचं अक्षर, प्रत्येक ओळीखाली रेघ.

"नीट ऐक अवी. आपण जेवतो त्यातलं ह्याला काहीही घालायचं नाही. फळ नाही, डाळ नाही, पोळी नाही, भात तर नाहीच नाही. ह्याला तण घालायचं."

"तण? आत्या, घरात आलेल्याला तण वाढायचं?"

"हा पाहुणा नाही, कासव आहे. डँडेलायनची पानं, क्लोव्हर, ते रुंद पानांचं गवत येतं ना फुटपाथच्या कडेला, ते. औषध न मारलेलं. वर चिमूटभर कॅल्शियमची पूड. रोज कोमट पाण्यात दहा मिनिटं बसवायचं, हनुवटीच्या वर पाणी नको. काचेची पेटी घ्यायची नाही, उघडं लाकडी खोकं घ्यायचं. एका टोकाला दिवा, दुसरं टोक गार. म्हणजे त्याला हवं तिकडे तो जाईल. आणि दिवा नुसता उबेचा नको. उन्हासारखा हवा, हाडं धरणारा."

मी मान डोलवली. कंपनीत मॅनेजर बोलत असताना डोलवतो तशी.

पुढच्याच शनिवारी मी काचेची पेटी आणली. छान दिसत होती. कन्झर्व्हेटरीत, मागच्या काचेच्या खोलीत, खिडकीला लागून ठेवली, कारण तिथे आमच्या घरातलं सगळं ऊन येतं. तू आलीस आणि चपला काढायच्या आधीच तुझा आवाज चढला.

"हे काय आणलंस?"

"आत्या, बघ ना, दिवसभर ऊन आहे इथे. दिवा कशाला?"

"काचेतून त्याला उजेड मिळतो, ऊब मिळते. हाडाला लागतं ते काचेपाशी अडतं. शिवाय भिंतीतून बाहेरचं दिसतं, म्हणून तो दिवसभर काचेवर धडका मारत बसणार."

"ऊन ते ऊन गं."

"अरे बैला, तू कॉम्प्युटरचं बघ. मी तुझ्या कॉम्प्युटरला हात लावते का?"

नवऱ्याला वाचवायला सुषमा चहा घेऊन आली आणि विषय बदलला. तू निघताना मी म्हणालो, "दिवा आणतो, पुढच्या आठवड्यात." तो पुढचा आठवडा आलाच नाही. इथे चूक झाली, असं आता मोघमपणे म्हणता येईल. मी म्हणणार नाही. मला आळस होता, आणि तुझं ऐकायचं नव्हतं. पंचेचाळिशीचा माणूस, घर घेतलेलं, गाडी असलेला. एका कासवावरून आत्याकडून बोलणी खायची नव्हती.

पण खरी चूक पेटीची नव्हती, आत्या. ती तुला कधी कळलीच नाही. किंवा कळली असेल, मला माहीत नाही. ती सांगतो.

आमच्या घरी जेवायच्या आधी एक घास बाजूला काढतात. तुझ्या माहेरचीच पद्धत, मी कोणाला सांगतोय. पुण्यात तो घास गाईला जायचा, नाहीतर कावळ्याला. इथे नॉटिंगहॅममध्ये गाय कुठली, आणि कावळे आमच्या छपरावर बसतात पण खाली येत नाहीत. मी इतकी वर्षं तो घास काढायचो आणि जेवण झाल्यावर बिनमध्ये टाकायचो. दर वेळी टाकताना मला वाईट वाटायचं. बटण आला आणि मला वाटलं, आता घेणारा आला. शिवाय कासव. देवळात गाभाऱ्यासमोर बसलेलं असतं ते. त्याच्याहून योग्य कोण?

मग रोज संध्याकाळी वरणभाताचा घास. भिजवलेली हरभऱ्याची डाळ त्याला फार आवडायची, मान लांब करून यायचा. केळ्याचा काप. चैत्रात वाटली डाळ, गणपतीत खोबऱ्याचं सारण. तो खायचा, ईशा टाळ्या वाजवायची, आणि मला वाटायचं, ह्या देशात माझ्या हातून एक तरी गोष्ट जशी व्हायला हवी तशी होतेय. तो भराभर वाढत होता. मी फोनवर पुण्याला सांगायचो, "दुप्पट झाला!" तो वाढत नव्हता, आत्या. फुगत होता. हाड मागे राहत होतं आणि तो पुढे धावत होता. हे मला आता कळतं.

आणि तेल. दर रविवारी त्याच्या पाठीला खोबरेल तेल, बोटाने गोल गोल चोळून, मग कोमट पाणी. ईशा तान्ही असताना तिला न्हाऊ घालायचो तसंच. पाठ चकाकायची. तू येणार असलीस की मी टिश्यूने तेल पुसायचो, डाळीची वाटी उचलायचो आणि बागेतून चार डँडेलायन आणून पेटीत टाकायचो. तू वाकून बघायचीस आणि म्हणायचीस, "पानं ताजी दिसतायत." मी म्हणायचो, "हो, रोजच." एवढं सहज खोटं मी ऑफिसातही कधी बोललो नाही.

मग आम्ही सुट्टीत चार आठवडे पुण्याला गेलो आणि बटण तुझ्याकडे राहिला.

परत आल्यावर घ्यायला आलो तेव्हा तू दारातच म्हणालीस, "अवी, आत ये जरा. बोलायचंय." ईशा आधीच मागच्या बागेत धावली होती. तू त्याच्यासाठी जाळीचं कुंपण केलं होतंस, आत पत्र्याखाली कोरडी जागा, वर मॅगपाय पक्षी टोचायला येऊ नये म्हणून जाळी. ईशाने त्याला उचललं, अंगठ्याने पाठ दाबली आणि किंचाळली, "बाबा, he's soft!"

मी दाबून बघितलं. पाठ खाली गेली. ओल्या पुठ्ठ्यासारखी.

आत्या, मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी खूपदा स्वतःला सांगितलं आहे. वेळ होता. मी बागेकडे पाहिलं, ओल्या गवताकडे पाहिलं, आणि म्हणालो, "महिनाभर पावसात बाहेर ठेवलंय त्याला. दुसरं काय होणार?"

ईशा तुझ्याकडे वळली. "आजी, तू बटणला पावसात ठेवली?"

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. मी त्या उत्तराची वाट बघत उभा होतो, खरंच सांगतो, एका बाजूने ते यावं असंच मला वाटत होतं. तू ईशाकडे वळलीस आणि म्हणालीस, "हो गं बाळ. माझ्याकडून चूक झाली."

ईशा रडत गाडीत जाऊन बसली. मी पाणी प्यायला म्हणून आत आलो. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कॅल्शियमची बाटली होती. वर व्हेटचं लेबल, बटणचं नाव आणि तारीख. आम्ही विमानात बसल्यानंतर तिसऱ्या दिवसाची. म्हणजे तुला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तू त्याला घेऊन गेली होतीस, आणि असं मऊ व्हायला महिनोन् महिने लागतात हे तुला व्हेटने सांगितलं असणारच. मी पेला हातात धरून ते लेबल दोनदा वाचलं.

"आत्या, मी..."

"तो इथेच राहू दे. बरा व्हायला वर्ष जाईल. पाणी पिऊन झालं? मग जा, पोर रडतेय."

दारातून गाडीपर्यंत वीस पावलं होती. त्या वीस पावलांत मी खरं सांगू शकलो असतो. गाडीत सांगू शकलो असतो. ईशा नाक पुसत म्हणाली, "मी तिच्याकडे कधीच जाणार नाही," आणि मी गाडी सुरू केली.

आता माझं तुझ्याशी जे भांडण राहिलंय ते भांडून घेतो. तू गेलीस म्हणून मी ते सोडणार नाही. तुला ते वाक्य म्हणायचा हक्क नव्हता. तुला वाटलं, मुलीच्या मनात बाप खोटा ठरू नये. पण तू मला वाचवलंस आणि तिला शिक्षा दिलीस. एरवी साध्या स्टाफ नर्सने थर्मामीटर चुकीचा वाचला तरी तू सगळ्यांसमोर सांगायचीस. मग मलाच का झाकलंस? भाचा म्हणून? हे तुझं चुकलं, आत्या, आणि तू देवाघरी गेलीस म्हणून ते बरोबर होत नाही.

बघ, मी परत तुझ्यावर ढकलतोय. तू हसली असतीस.

कारण एकदा मी विषय काढला होता. शनिवार होता, तुझ्या गॅरेजमध्ये. आपण तुझं जुनं पुस्तकांचं कपाट आडवं पाडून त्याचं बटणसाठी घर करत होतो. मधल्या फळ्या मी करवतीने कापत होतो, तू माती चाळत होतीस. मी म्हणालो, "आत्या, ईशाला सांगून टाकतो मी."

"सांग की. मी धरून ठेवलंय का तुला?"

एवढंच. आणि तू परत चाळायला लागलीस. त्या दिवशीही मी सांगितलं नाही. म्हणून तुझ्याशी भांडतो, पण भांडणात मी हरलेला आहे हे मला ठाऊक आहे.

पण ते शनिवार! ते मी कोणाला हिरावू देणार नाही. साडीवर वेलिंग्टन बूट घालून तू पार्कच्या कडेला तण खुडायचीस, मी मागे कॅरिअर बॅग धरून. एकदा कुत्र्याला फिरवणारी एक बाई थांबली. इथल्या लाडिक बोलीत म्हणाली, "यू ऑल राइट, मी डक?" तिला वाटलं, म्हातारीचं काही हरवलंय. तू वर न बघता म्हणालीस, "शॉपिंग, लव्ह." ती लांब जाईपर्यंत मी हसू दाबलं आणि तू मला कोपर मारलंस. "हसतोस काय मेल्या, ते मऊ पान घे. जून नको."

तू मला हात धरून शिकवलंस. माती कोरडी पडू द्यायची नाही, पण चिखलही नाही. दिव्याखालची उष्णता थर्मामीटरने बघायची, हाताने नाही. उन्हासारखा दिवा पेटलेला दिसत असला तरी काही महिन्यांनी त्यातलं ऊन संपतं, तो बदलायचा. दर शनिवारी स्वयंपाकाच्या काट्यावर वजन. फार वाढलं तरी तुझ्या कपाळाला आठी. "हळू वाढू दे. ह्याला घाई नाही. तुलाच आहे." आणि दर शनिवारी, मी निघताना, "पोर काय म्हणते?"

मी म्हणायचो, "अभ्यास फार असतो तिला."

पाठ घट्ट झाली. पण पहिल्या वर्षातले उंचवटे राहिले, छोट्या डोंगरांसारखे. ते कधीच जाणार नाहीत. त्यांच्याभोवती जी नवी वाढ झाली ती सपाट आहे, गुळगुळीत. ती तुझी आहे. कोणीही बघून सांगू शकेल कुठे मी संपतो आणि तू सुरू होतेस.

ईशा दिवाळीला यायची, नमस्कार करायची आणि सोफ्याच्या टोकाला बसायची. तू तिच्यासाठी करंज्या डब्यात भरून द्यायचीस. डबा रिकामा होऊन परत यायचा. करंज्या मी खायचो, ऑफिसात. हेही सांगून टाकलं.

शेवटी हॉस्पिटलात, ज्या वॉर्डात तू स्वतः ड्यूटी केलीस तिथेच, मी तुझ्या उशाशी खुर्ची ओढली आणि म्हणालो, "आत्या, मला तुझ्याशी बोलायचंय." तू डोळे मिटलेलेच ठेवलेस. "त्याचा दिवा बदललास?" मी म्हणालो, नाही. "आधी तो बदल. मग बोल." मी दुकानात गेलो, दिवा आणला, तुझ्या गॅरेजमध्ये जाऊन लावला. परत आलो तेव्हा त्यांनी पडदा ओढला होता.

बटण आता आमच्याकडे आहे, तुझ्या कपाटासकट. नातेवाईक म्हणाले, कुठल्या तरी संस्थेला देऊन टाका, कशाला जोखीम. दिला नाही. आमच्या मागच्या लॉनवर मशीन फिरवायचं मी बंद केलंय. गुडघ्याएवढे डँडेलायन आहेत. शेजारी कुंपणावरून म्हणाला, "तुमचं मशीन बिघडलं असेल तर माझं न्या." मी म्हटलं, मशीन उत्तम आहे. मी माझं काम करतोय. त्याला अजून दहा वर्षं तेच म्हणायचं असेल तर म्हणू दे. हे कासव आपल्या सगळ्यांना पुरून उरेल, आणि मी आहे तोवर त्याच्या ताटात भाताचं शीत पडणार नाही. देवाचा घास मी अजून काढतो. तो आता पुन्हा बिनमध्येच जातो, आणि वाईट वाटलं तर मला वाटू दे.

गेल्या रविवारी आमच्या घरी तुझ्यासाठी सगळे जमले होते. जेवणं झाली होती. मंडळाचे कुलकर्णीकाका कपाटापाशी वाकून म्हणाले, "सगळं चोख केलं हो बाईंनी आयुष्यात. फक्त ह्या पिल्लाला तेवढं पावसात विसरल्या." लोक हसले, प्रेमाने. ती गोष्ट त्यांना माहीत होती कारण मीच ती पार्ट्यांमध्ये सांगत आलो होतो. ईशा बाजूला उभी होती. चौदा वर्षांची. तीही थोडी हसली.

"काका, त्या विसरल्या नाहीत," मी म्हणालो. "ते मी केलं."

सुषमा म्हणाली, "अहो, आत्ता कशाला?"

"आत्ताच." मग मी सगळं सांगितलं. डाळ, तेल, काचेची पेटी, औषधाच्या बाटलीवरची तारीख. उभ्याने, सगळ्यांसमोर, कारण खोटंही सगळ्यांसमोरच सांगितलं होतं.

ईशा म्हणाली, "पण आजी स्वतः म्हणाली. She said it was her."

"माझ्यासाठी म्हणाली."

"मग मी तिच्याशी नीट बोलले नाही, ते सगळं..."

"ते माझ्यामुळे."

ती मागच्या दाराने बाहेर गेली. मी तिच्यामागे गेलो. ती पायरीवर बसली होती, तोंड गवताकडे.

"चार वर्षं, बाबा. मला पण शनिवारी येता आला असता. तुमच्याबरोबर. मी तिला थँक यू पण नाही म्हटलं."

मला सांगायचं होतं की आत्या तुझ्याबद्दल दर शनिवारी विचारायची, की मला भीती वाटत होती, की मी तेव्हा पाण्याचा पेला हातात घेऊन उभा होतो. त्यातलं काही बोललो नाही, आत्या. ते सगळं मला सोपं करणारं होतं. तिच्याशेजारी बसायचा हक्क मला वाटला नाही, म्हणून पायरीच्या खाली उतरलो, ओल्या गवतात उभा राहिलो आणि तिच्याकडे बघून म्हणालो,

"ईशा, मी चुकलो आणि ते लपवायला मी तुझी आजी तुझ्यापासून तोडली. तिची काही चूक नव्हती. तुझीही नव्हती. मला माफ कर."